कुंझ यांची रत्नपेटी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपून आम्ही वेदीमागच्या खोलीत वस्त्रे उतरवीत असता आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात कागदाची पुडी होती. पुडीत अंगठी आणि अंगठीत निळा खडा. मुलाची आखातातील नोकरी दोनदा हाताशी येऊन निसटली होती. कुणीतरी शनीचा खडा सुचविला, सराफाने किंमत सांगितली, आणि बाईंनी हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. "फादर, ह्याच्यावर थोडं तीर्थ शिंपडा, म्हणजे दोष राहणार नाही," असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना उभ्या उभ्याच पहिल्या आज्ञेची आठवण करून दिली. बोलणे खरे होते, स्वर बरा नव्हता. बाईंनी पुडी मिटली आणि त्या निघून गेल्या.

त्या रात्री आम्हांला स्वस्थता लाभली नाही. अहरोनाच्या ऊरपटावर बारा रत्ने, प्रकटीकरणातील नव्या येरुशलेमेच्या पायाला बारा रत्ने, तिच्या वेशी मोत्यांच्या. बिशपांच्या अंगठीत पिढ्यान् पिढ्या जांभळा याकूत. हे सारे आम्ही वेदीवरून वाचतो आणि डोळ्यांनी पाहतो. मग बाईंच्याच खड्याचे काय चुकले, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही एवढेच. विचारला असता तर आम्हांला दटावण्यापलीकडे काही सांगता आले नसते. सेमिनरीत असताना एका जुन्या इंग्रजी ग्रंथाचे नाव आमच्या कानावर आले होते. तो ग्रंथ आम्ही मिळविला आणि दोन महिने सवडीने वाचला. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

ग्रंथाचे नाव 'द क्युरियस लोअर ऑफ प्रेशस स्टोन्स'. लेखक जॉर्ज फ्रेडरिक कुंझ. १९१३ साली फिलाडेल्फियात तो प्रसिद्ध झाला. रत्नांविषयीच्या जगभरच्या समजुती, दंतकथा, ताईत, औषधी उपयोग, धार्मिक उपयोग, ग्रहांशी लावलेले संबंध हे सारे एका ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी रत्नांवर लिहिणारा कोणीही, मग तो श्रद्धाळू असो की संशयी, कळत नकळत ह्याच पेटीतून काहीतरी उचलीत असतो.

कुंझ हे विलक्षण गृहस्थ होते. जन्म १८५६, न्यूयॉर्क. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. मुलपणापासून दगड गोळा करता करता ते खनिजशास्त्रज्ञ झाले. १८७९ मध्ये, वयाच्या तेविशीत, ते टिफनी ह्या विख्यात जवाहिऱ्यांच्या पेढीत रत्नतज्ज्ञ म्हणून दाखल झाले आणि पुढे तिचे उपाध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले येथे सापडलेला २८७ कॅरटांचा पिवळा हिरा त्यांच्या देखरेखीखाली पैलू पाडून १२८ कॅरटांवर आणला गेला. अर्ध्याहून अधिक वजन धूळ होऊ दिले, कारण त्यांना वजन नको होते, प्रकाश हवा होता. ज्याला सौंदर्य कळते असाच मनुष्य एवढे धाडस करू शकतो. कॅलिफोर्नियात सापडलेल्या एका फिकट जांभळ्या-गुलाबी खड्याला त्यांच्याच नावावरून 'कुंझाइट' म्हणतात.

अशा माणसाच्या हातून आलेल्या ग्रंथाचे वाचन सुखाचे असते, ह्यात नवल नाही. रोमन लेखक प्लिनी, रेन्नचे बिशप मार्बोद, बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड, संत आल्बर्ट, अरबी वैद्य, भारतीय रत्नशास्त्र ही सारी मंडळी एकाच पंगतीला बसलेली दिसतात. आपल्या नवरत्नांचीही मांडणी तेथे आहे. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा, ही जी यादी आपल्याकडचा प्रत्येक सराफ तोंडपाठ म्हणतो, ती सातासमुद्रापलीकडच्या ग्रंथात वाचताना गंमत वाटते.

ग्रंथातील सर्वांत रसाळ भाग आम्हांला वाटला तो ओपल ह्या रत्नाचा. ओपल अशुभ, ही समजूत पाश्चात्त्य देशांत फार पसरलेली होती. तिचा उगम कुंझ शोधतात आणि तो सापडतो एका कादंबरीत! सर वॉल्टर स्कॉट यांची १८२९ सालची 'ॲन ऑफ गायरस्टाइन'. तिच्यात एका गूढ स्त्रीच्या केसांत ओपल आहे. बाप्तिस्म्याच्या प्रसंगी पवित्र पाण्याचे थेंब त्यावर पडतात, खड्याचे तेज विझते आणि दुसऱ्या दिवशी त्या स्त्रीच्या जागी मूठभर राखच उरते. वाचकांनी कादंबरी घाईने वाचली आणि ओपल घालणे सोडले. कुंझ म्हणतात ते योग्यच आहे, की खडा अपशकुनी आहे असे सांगण्याचा स्कॉट यांचा हेतूच नव्हता. एक कल्पित कथा, तिचे चुकीचे वाचन, आणि त्यातून जिवंत माणसांच्या बोटांवर आलेली बंदी. साहित्याचा परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. आम्ही मात्र तो वाचताना त्या पुडीतल्या अंगठीचा आणि तीर्थाचा विचार करीत होतो.

ओपलच्या बाबतीत कुंझ न्यायाधीश झाले, तसे इतरत्र होत नाहीत, ही आमची पहिली तक्रार. दुसऱ्या शतकातील समजूत, बाराव्या शतकातील औषध आणि सोळाव्या शतकातील प्रवासवर्णन एकाच पानावर एकमेकांना खेटून उभे राहते. कोणी कोणाकडून घेतले, कोणी पाहून लिहिले आणि कोणी ऐकून, हे वाचकाने आपले आपण शोधावे. पेटी मोठी, पण कप्पे नाहीत.

कप्प्यांवाचून काय बिघडते, हे ऊरपटाच्या प्रकरणात दिसते. निर्गमाच्या २८व्या अध्यायात ऊरपटावर तीन-तीन रत्नांच्या चार ओळी सांगितल्या आहेत आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरावयाचे आहे. ह्या रत्नांची ओळख पटविण्यासाठी कुंझ यांनी केलेले परिश्रम वाखाणण्याजोगे आहेत. आपल्या मराठी शास्त्रात दुसऱ्या ओळीत 'नीलमणी' आणि 'हिरा' ही नावे आढळतात. पण मूळ हिब्रू 'सप्पीर' म्हणजे आजचा नीलम नव्हे; ज्यावर सोनेरी ठिपके चमकतात असे वर्णन प्लिनी करतो तो हा राजावर्त, म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द. आणि हिरा? ज्या काळी हिऱ्यावर अक्षर कोरण्याचे साधन नव्हते, त्या काळी त्यावर वंशाचे नाव कोणी कोरले असेल? भाषांतरकारांना दोष नाही. वाचकाला ठाऊक असलेला शब्द त्यांनी दिला. तीच गोष्ट पुष्कराजाची. प्राचीनांचा 'टोपाझ' म्हणजे तांबड्या समुद्रातील एका बेटावर मिळणारा हिरवट पेरिडॉट होता. इंग्लंडच्या राजमुकुटात समोरच झळकणारे 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' तर माणिकच नव्हे, ते स्पिनेल आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. नाव एकाचे, गुण दुसऱ्याचे आणि खडा तिसराच, अशी ही परंपरेची वाटचाल. 'शास्त्रात सांगितले आहे' असे म्हणून जो गुण आजच्या नीलमाला चिकटविला जातो, तो पुष्कळदा कधीकाळी लाजवर्दाविषयी सांगितलेला असतो. गुण जर खड्यात असता तर नावाबरोबर तो एका खड्यातून दुसऱ्यात कसा उडी मारता? हा प्रश्न कुंझ यांच्यासारख्या जाणत्याने विचारावयास हवा होता. त्यांच्याजवळ सारा पुरावा होता. त्यांनी विचारला नाही.

ह्याहून महत्त्वाचा दुसरा कप्पा. रत्न हे चिन्ह आहे की कारण? आठव्या शतकात संत बीड यांनी प्रकटीकरणातील बारा रत्नांवर भाष्य केले. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक रत्नाचा रंग एकेका सद्गुणाची आठवण करून देतो. येथे रत्न बोट दाखविते, स्वतः काही करीत नाही. ऊरपटावरील रत्नेही तशीच. याजक ती अंगावर वागवितो ती स्वतःच्या भाग्यासाठी नव्हे. बारा वंशांची नावे हृदयाशी धरून देवासमोर उभे राहावे म्हणून. आता मार्बोद पाहा. अकराव्या शतकात, बिशप होण्यापूर्वी, त्यांनी लॅटिन पद्यात सुमारे साठ रत्नांचे वर्णन केले. त्यात खडे विष उतरवितात, भीती घालवितात, कलह मिटवितात. हे कारण झाले. संत हिल्डेगार्ड ह्या दोहोंच्या मधोमध आहेत. त्या रत्नांनी उपचार सांगतात. आणि त्याच बरोबर म्हणतात की, सैतानाला रत्ने सोसत नाहीत, कारण पतनापूर्वी त्याच्या अंगावर असलेल्या तेजाची ती त्याला आठवण देतात. उपचार आज कोणी घेणार नाही. ही कल्पना मात्र आम्हांला विसरता येत नाही. २०१२ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्डना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले. ह्या मानामुळे त्यांची औषधे सिद्ध होत नाहीत आणि औषधे फसली म्हणून त्यांची प्रतिभा उणी ठरत नाही. कुंझ मात्र बीड, मार्बोद आणि हिल्डेगार्ड तिघांनाही 'लोकसमजुती' ह्या एकाच मखमलीवर मांडतात.

ख्रिस्तसभेची बाजू सावरण्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत असे कोणी समजू नये. ह्याच विषयात तिने केलेल्या एका अन्यायाचे स्मरण ठेवणे आम्हांला भाग आहे, आणि तो आपल्या दाराशीच, गोव्यात, घडला. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आले. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्यांच्या संवादरूपी ग्रंथात वनस्पती-औषधींबरोबर हिऱ्यावर आणि इतर रत्नांवरही संवाद आहेत. हिरा घणाने फुटत नाही, बोकडाच्या रक्तानेच मऊ पडतो, असे प्लिनीपासून सारे सांगत आले; ओर्ता सांगतात की, तो लहानशा हातोडीनेही सहज फुटतो आणि बोकडाच्या रक्ताची गोष्ट खोटी. हिरा पोटात गेला तर माणूस मरतो, ही समजूतही ते नाकारतात. चोरून हिरे गिळणारी माणसे धडधाकट राहतात, हे त्यांना ठाऊक होते. खाणीत हिरे दोन-तीन वर्षांत पुन्हा तयार होतात, असे मात्र त्यांनी मानले, तेही माणूसच. पण 'ग्रंथात आहे' आणि 'आम्ही पाहिले आहे' ह्यांतला भेद त्यांनी गोव्यात बसून, कुंझ यांच्या साडेतीनशे वर्षे आधी, शिकविला. ओर्ता यहुदी वंशाचे. मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मसमीक्षण न्यायालयाच्या आज्ञेने त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. पणजीत आज त्यांच्या नावाचे उद्यान आहे. तेथे विसाव्यास बसणाऱ्या आपल्या किती लोकांना ही हकीकत ठाऊक असेल?

परत कुंझ यांच्याकडे वळू. जन्मरत्नांचे प्रकरण हे ह्या ग्रंथाचे मर्म आहे आणि तेथेच लेखकाची कोंडी दिसते. जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला जांभळा याकूत, ह्या याद्या आता आपल्या मुलींच्या वाढदिवसाच्या भेटींतूनही येऊ लागल्या आहेत. त्या फार प्राचीन आहेत असा सर्वांचा समज. प्राचीन आहे ते एवढेच, की पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने ऊरपटाच्या बारा रत्नांचा संबंध बारा महिन्यांशी किंवा बारा राशींशी जोडला. ज्याने त्याने आपल्याच महिन्याचा खडा घालण्याची रीत, कुंझ यांच्या मते, अठराव्या शतकात पोलंडमध्ये रूढ झाली. आणि आजची ठरीव यादी? ती अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९१२ साली कॅन्सस शहरातील सभेत संमत केली. म्हणजे ग्रंथ निघण्याच्या आदल्या वर्षी! कुंझ ही यादी छापतात, आणि व्यापाराच्या सोयीसाठी जुन्या क्रमात ढवळाढवळ होऊ नये अशी नापसंतीही दर्शवितात. त्यांची भीती अशी, की हे सारे दुकानदारीचे आहे असे लोकांना एकदा कळले तर त्यामागची भावनाच नष्ट होईल.

त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे. पण ते बोलत आहेत कोठून? अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पेढीच्या उपाध्यक्षाच्या खुर्चीतून. भावना टिकावी हे खरेच. पण ती टिकल्याने विक्रीही टिकते, हे ते लिहीत नाहीत. ग्रंथभर जाणवणारा हा संकोच आहे. कथा खोटी म्हणावी तर गिऱ्हाईक जाते, खरी म्हणावी तर शास्त्रज्ञ लाजतो. म्हणून 'असे म्हणतात' ह्या दोन शब्दांवर शेकडो पाने तरून जातात.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९५२ साली यादी बदलली. १९६७ मध्ये टांझानियात एक निळा खडा सापडला. त्याला 'टांझानाइट' हे नाव दिले तेही टिफनीनेच, आणि २००२ साली तो डिसेंबरच्या यादीत जाऊन बसला. २०१६ मध्ये ऑगस्टसाठी स्पिनेलची भर पडली. ज्या खड्याचे अस्तित्वच योसेफसाला, मार्बोदाला किंवा आपल्या वराहमिहिराला ठाऊक नव्हते, त्याचेही आता 'गुण' सांगितले जातात. खुद्द कुंझाइटचे सांगितले जातात! ज्या माणसाच्या हयातीत, ज्याच्या नावाने तो खडा जगापुढे आला, त्याच्या ग्रंथात त्या गुणांचा पत्ता नाही आणि शंभर वर्षांत ते पुरातन झाले.

अलंकारांच्या घडणीविषयी कुंझ यांनी फार थोडे लिहिले, ही आमची आणखी एक तक्रार. समजुती आणि घडण ह्यांचे नाते किती जवळचे! आपल्याकडे ग्रहाच्या खड्याची अंगठी मागून उघडी ठेवतात, कारण खड्याचा स्पर्श कातडीला झाला पाहिजे अशी अट. उलट कुंदनाच्या कामात खडा मागून बंद असतो आणि खाली चमकता पत्रा बसवितात. एकात समजूत कोंदण ठरविते, दुसऱ्यात प्रकाश. हिऱ्याला उंच नख्यांत धरून चारी बाजूंनी उजेड खेळविण्याची टिफनीची अंगठी १८८६ची. ती कुंझ यांच्या डोळ्यांसमोर घडली. पण ग्रंथात रत्न सुटेच राहते, अलंकार होत नाही.

रत्न अलंकार झाले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. जर्मनीतील आखेन येथील कथीड्रलच्या कोषात 'लोथारचा क्रूस' आहे, इ. स. १०००च्या सुमाराचा. समोरची बाजू सोन्याची, शंभराहून अधिक रत्नांनी आणि मोत्यांनी भरलेली. तेव्हा पैलू पाडण्याची कला युरोपात नव्हती. खडे घासून गोल गुळगुळीत केलेले, म्हणून ते लखलखत नाहीत, आतून उजळल्यासारखे दिसतात. आडव्या-उभ्या भुजा मिळतात तेथे रोमन सम्राट ऑगस्टसची कोरीव प्रतिमा आहे, क्रूसाहून हजार वर्षांनी जुनी. क्रूस उलटा केला की मागे एकही रत्न नाही. साध्या पत्र्यावर नुसत्या रेघांनी कोरलेला, मान कललेला, मेलेला ख्रिस्त. तो क्रूस घडविणाऱ्या अनामिक सोनाराला रत्नांविषयी जे कळले होते, ते कुंझ यांच्या साऱ्या टाचणांत आम्हांला सापडले नाही. त्याने रत्नांचा तिरस्कार केला नाही आणि त्यांच्याकडून काही मागितलेही नाही.

आमच्या पिढीने ह्या दोन बाजू वेगळ्या रीतीने पाहिल्या. १९६४ च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी आपला त्रिमुकुट गरिबांसाठी संत पेत्राच्या वेदीवर ठेवला. तो आज वॉशिंग्टनच्या बॅसिलिकेत आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस त्यांनी बिशपांना ज्या अंगठ्या दिल्या त्यांत खडा नव्हता; ख्रिस्त आणि दोघे प्रेषित ह्यांच्या आकृती होत्या. जांभळ्या याकूताशी आमचे वैर नाही. ग्रीक भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'न झिंगलेला' असा आहे, आणि अधिकार बोटात घालणाऱ्याला ही आठवण बरी.

त्या भगिनी आम्हांला नंतर भेटल्या. आम्ही आमच्या त्या दिवशीच्या स्वराबद्दल क्षमा मागितली आणि ओपलची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "फादर, मी परत द्यायला गेले होते. सोन्याचे पैसे भावाने देतो म्हणाला. खड्याचे निम्मेसुद्धा नाही." कोणत्या दुकानातून खडा घेतला ते आम्ही विचारले नाही, कुठल्याही दुकानात हेच झाले असते. बांगडी मोडली तर सोने उरते. खड्याबरोबर विकत घेतलेली कथा दुकानदार परत घेत नाही. कुंझ यांच्या ग्रंथात व्यवहाराची ही बाजू एका ओळीनेही येत नाही.

आणि तरीही हा ग्रंथ मराठीत यावा असे आम्हांला वाटते. त्याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने काढलेली साधी आवृत्ती जुन्या पुस्तकांत अजून हाती लागते. स्फटिकाच्या गोळ्यात भविष्य पाहण्याचे प्रकरण गाळले तरी काही बिघडणार नाही. ऊरपट, जन्मरत्ने आणि ओपल ही प्रकरणे मात्र संपूर्ण द्यावीत, आणि ओर्तांचे हिऱ्यावरील संभाषण त्यांना जोडावे. रत्नांची नावे मराठीत आणताना अनुवादकाने सराफाला विचारू नये, खनिजशास्त्र जाणणाऱ्याला विचारावे. आमची प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. ओपलच्या पानाशी खूण घातली आहे.